भेडाघाटच्या योगिनींचं हळदीकुंकू

मला जुन्या दगडांचं वेड आहे. आई म्हणायची, आपल्या सात पिढ्यांत दगडाशी कुणाचा संबंध आला असेल तर तो पाट्या-वरवंट्यापुरता, ही कुणावर गेली कोण जाणे! पण जबलपुरात वाढून ज्याला हे वेड लागत नाही त्याच्या डोळ्यांतच काहीतरी बिघाड आहे, असं मी आजही तोंडावर सांगते. मदनमहाल बघा. डोंगरावरच्या एका अजस्र शिळेच्या टाळूवर कुणीतरी महाल बसवून दिलाय आणि शतकं उलटली तरी तो जागचा हललेला नाही. तेवर गावात जा. एके काळची ही राजधानी. तिथे पिंपळाच्या पारावर हजार वर्षांपूर्वीचे देव ऊन खात बसलेले असतात, आणि एका गोठ्याच्या भिंतीत अप्सरेचं कोपर चिणलेलं आहे. म्हशीला त्याचं काही नाही. मी मात्र ते कोपर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आनंदाने अशी ओरडले की म्हैस बुजली.

या सगळ्यांत माझं लाडकं ठिकाण भेडाघाटचं चौसष्ट योगिनींचं देऊळ. लोक भेडाघाटला जातात ते नर्मदेचे संगमरवरी कडे आणि धुवांधार धबधब्याचं पाणी बघायला. नावेत बसतात, नावाड्याच्या यमकांना हसतात, दगडाचा एखादा हत्ती नाहीतर पिंडी विकत घेतात आणि परततात. वाटेत टेकडीवर हे देऊळ लागतं. त्याच्या पायऱ्या बघूनच निम्म्यांचे गुडघे दुखायला लागतात. जे चढतात त्यांना वर एक ठेंगणं दार लागतं. डोकं वाकवून आत शिरायचं आणि मान वर करायची. बस्स! हे लिहितानासुद्धा अंगावर काटा आलाय.

त्या देवळाला कोपराच नाही. सगळं गोल. मधे भलंमोठं उघडं अंगण, वर आभाळ, आणि अंगणाला वेढून एक गोल पडवी. पडवीत खांबांच्या मधोमध एकेक योगिनी, सगळ्यांची तोंडं आत. आपण त्यांना बघायला गेलेलो असतो खरं, पण आत शिरल्यावर त्याच सगळ्या मिळून आपल्याला बघत असतात. दाखवायला नेलेल्या मुलीला काय वाटत असेल ते मला तिथे कळलं. बहुतेक जणी एक पाय दुमडून, दुसरा खाली सोडून ऐसपैस बसलेल्या. कुणाला जनावराचं तोंड, कुणाचे सुळे बाहेर, तर कुणी इतकी देखणी की कमरेच्या साखळीतला दुवा न दुवा बोटाने मोजून घ्यावा. बैठकीवर नावं कोरलेली. आणि जवळपास सगळ्याच फुटलेल्या. कुणाला नाक नाही, कुणाचे हात खांद्यापासून गेलेले. कोण्या काळी कुठल्याशा सैन्याने घण घातले म्हणतात. अंगणात शंकर-पार्वतीचं देऊळ आहे, दोघं नंदीवर बसून निघालेले. पूजा होते ती तेवढी त्यांची. पडवीतल्या बायकांना कुणी विचारत नाही.

जबलपुरातल्या आमच्या चेरीताल मोहल्ल्यातली मराठी मंडळी वर्षातून एकदा तिथे सहलीला जायची. बापे बहुतेक तोफांच्या कारखान्यात, कुणी रेल्वेत, कुणी टपालात. अंगणात सतरंज्या पडायच्या, योगिनींकडे पाठ करून दशम्या आणि लसणाची चटणी खाल्ली जायची, गाण्याच्या भेंड्या व्हायच्या आणि मंडळी खाली उतरायची. गाढवाला गुळाची चव काय! मी तेव्हा कॉलेजात होते. वही घेऊन पडवीत एकेकीचं चित्र काढत बसायचे आणि आई अंगणातून ओरडायची, "अगं, त्या काय पळून जाऊन राहिल्या का? आधी जेव!"

मग एकाहत्तरचं युद्ध आलं.

युद्ध लढलं गेलं सरहद्दीवर, पण आमच्या गावात ते भोंग्यातून यायचं. कारखान्याचा भोंगा एरवी सकाळ-संध्याकाळ व्हायचा, त्या दिवसांत तो केव्हाही व्हायला लागला. बाबा एक पाळी संपवून दुसरीला उभे राहायचे, घरी यायचे ते अंगाला मशीनच्या तेलाचा वास घेऊन आणि जेवता जेवता पेंगायचे. खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले. मोटारींच्या दिव्यांवर अर्धा काळा रंग. आम्ही मुली कॉलेजात जवानांसाठी मोजे विणायचो, आणि मी विणलेले मोजे बघून बाबा म्हणाले होते, हे शत्रूला पाठवा. खोटं कशाला बोलू, आम्हाला भीती वाटायची त्याहून जास्त चेव चढायचा. आपल्या गावात बनलेला माल तिकडे धडाडतोय याचा प्रत्येक घराला माज होता.

शेजारच्या घरात मात्र तसं नव्हतं. तिथे मावशी राहायची. नात्याची नव्हे, पण आमच्या दोन घरांच्या मधल्या भिंतीला तिने भांडं आपटलं की आईने इकडून चहा ठेवायचा, असं नातं. काका बाबांच्याच कारखान्यात. त्यांचा एकुलता एक मुलगा फौजेत, पंजाबच्या सरहद्दीवर. मला भाऊ नाही, त्यामुळे भाऊबीजेला मी त्यालाच ओवाळायचे. मी त्याला दादा म्हणायचे आणि तो मला पुराणवस्तू म्हणायचा.

युद्ध संपलं. बडा फुहाऱ्याच्या बाजारात पेढे वाटले गेले, ढोल वाजले, अनोळखी माणसं गळ्यात पडली. आणि त्यानंतर शेजारी तार आली की मुलगा बेपत्ता आहे. मेलेल्यांत नाही, जखमींत नाही, पकडल्या गेलेल्यांतही त्याचं नाव नाही. काकांनी बोलणंच टाकलं आणि ज्यादा पाळ्या मागून घेतल्या. मावशी रडली नाही. तिने भिंतीवर भांडं आपटणंही बंद केलं, आणि त्या शांततेने आई दिवसभर कासावीस असायची.

संक्रांत आली. एके दिवशी दुपारी मावशी आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि म्हणाली, "मी नवस बोलली. भेडाघाटच्या चौसष्ट योगिनींची ओटी भरीन. सगळ्यांची. माझा पोरगा घरी आला पाहिजे."

आई म्हणाली, "अगं, नवस आधी फेडतात का? काम झालं की फेडतात."

"मी उधार नाही ठेवत," मावशी म्हणाली. "आधी देते. मग त्यांची जबाबदारी."

मला तर उभ्या उभ्या नाचावंसं वाटलं. हजार वर्षांत ज्यांना कुणी हळदीचं बोट लावलं नाही त्यांचं हळदीकुंकू! मी म्हटलं, मी येणार, मी सगळ्यांची नावं सांगणार, मी पुढे चालणार. आईने डोळे वटारले तेव्हा लक्षात आलं की हा माझा सण नव्हता. पण जीव काही केल्या शांत होईना.

चेरीतालात कुठलीही गोष्ट महिला मंडळाच्या मोठ्या काकूंशिवाय व्हायची नाही. मोठ्या काकू म्हणजे शास्त्र. एकादशीला काय चालतं, सोयरात काय चालत नाही, हे पंचांगाला ठाऊक नसेल पण त्यांना असायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"भंगलेल्या मूर्तीची पूजा करायची नसते," त्या म्हणाल्या. "फुटलेला देव नर्मदेत सोडायचा असतो. तू ओटी काहून भरून राहिली त्यांची? आपल्या राममंदिरात भर की. नाहीतर मधल्या पार्वतीची भर. ती साबूत आहे."

"पार्वतीजवळ शंकर बसला आहे," मावशी म्हणाली. "तिची ओटी सगळं जग भरतं. मी त्यांचीच भरीन."

काकूंनी बराच वेळ विचार केला. मग त्यांनी तोड काढली, आणि शास्त्री माणसं तोड कशी काढतात ते बघण्यासारखं असतं. पूजा करायची नाही. आरती नाही, नैवेद्य नाही. नुसतं संक्रांतीचं हळदीकुंकू करायचं. हळदीकुंकवाला सवाष्ण म्हणून कुणालाही बोलावता येतं, आणि आलेल्या बाईला नाक आहे की नाही हे कुठे शास्त्रात विचारलंय? मी टाळ्या वाजवल्या. काकू म्हणाल्या, "तू गप बस."

आता खण हवेत, चौसष्ट. इथे आमच्या चेरीतालची एक रीत सांगायला हवी. हळदीकुंकवात मिळालेला खण कुणी शिवायचं नाही. तो ट्रंकेत जायचा आणि पुढल्या वर्षी दुसरीच्या ओटीत. एक जांभळा खण होता, तो मी परकरात होते तेव्हापासून गल्लीत फिरत होता. आईने तो ज्यांना दिला त्यांनी तो तिला दोन वर्षांनी परत दिला, आणि दोघींनी हसून ‘किती छान रंग’ म्हटलं. तर सगळ्यांनी ट्रंका उघडल्या. कापराच्या आणि नॅप्थलीनच्या वासाने गल्ली भरली. जांभळा आला. हिरव्या काठाचे आले. जे कमी पडले ते आणायला मी आणि मावशी बडा फुहाऱ्याला गेलो. कापडवाल्याने गठ्ठा बांधता बांधता विचारलं, "इतने सारे ब्लाउज पीस? बहनजी, शादी है क्या घर में?"

मावशी म्हणाली, "नहीं भैया. मायके की हैं सब. बहुत दिन से किसी ने पूछा नहीं."

दुकानदाराला काही समजलं नाही, पण त्याने वरती एक लाल खण आपल्याकडून घातला.

रथसप्तमीच्या आधीचा रविवार धरला. एक जुनी बस ठरवली होती. तिच्या दिव्यांवरचा काळा रंग अजून तसाच होता. बसमध्ये तीस-एक बायका, तांदळाच्या पिशव्या, हळकुंडं, सुपाऱ्या, तिळाचे लाडू, आणि प्रत्येकीचं वाण, कारण एवढं जातोच आहोत तर आपलंही हळदीकुंकू तिथेच उरकू, असा हिशेब. बसमध्ये जो गलका होता! कुणाचे उखाणे, कुणाच्या सुनांच्या तक्रारी. मावशी पुढल्या बाकावर खणांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसलेली. तिच्यामुळे निघालो होतो आणि हसूही येत होतं. कुणाला त्यात काही चुकलं असं वाटलं नाही, मावशीलाही नाही. उलट एका उखाण्याला तीच सगळ्यांत आधी हसली.

पायऱ्या चढून वर गेलो तर दारात चौकीदार. म्हातारा, खाकी कोट, कानाला मफलर. सरकारी देऊळ, त्यामुळे त्याला कायदा पाठ.

"माताजी, पूजा सिर्फ बीच वाले मंदिर में. मूर्तियों को छूना मना है. रंग-वंग, तेल-सिंदूर कुछ नहीं."

मोठ्या काकू पुढे झाल्या. त्यांचं हिंदी मराठीच्या जोरावर चालायचं. "भैया, पूजा कौन कर रहा है? हम तो हळदीकुंकू कर रहे हैं."

"वही तो मना है."

तेव्हा मावशीने त्याला सांगितलं. मोठं काही नाही. लड़का फौज में है, लड़ाई खतम हुई, उसका पता नहीं. चौकीदाराने मफलर काढून हातात घेतला. त्याने मुलाची पलटण विचारली, कुठल्या सरहद्दीवर होता ते विचारलं. मग म्हणाला, "पत्थर पे कुछ मत लगाना. गोद में रख देना. और जाते समय सब उठा ले जाना, एक दाना नहीं छूटना चाहिए. मैं चाय पीने जाता हूँ." आणि तो खरोखर खाली उतरून गेला.

झालं! आम्ही तुटून पडलो. कुणी तांदूळ मोजून पुड्या करतंय, कुणी हळकुंड-सुपारी लावतंय, दोघीजणी पदर खोचून पडवीतली वटवाघळांची घाण झाडतायत. कुंकू मूर्तीला लावायचं नव्हतं, म्हणून पानावर हळदकुंकवाची बोटं काढून पान मांडीवर ठेवायचं ठरलं. मावशी एकेकीसमोर उभी राहायची, पदर डोक्यावरून घ्यायची, खण आणि तांदूळ तिच्या मांडीत घालायची, तिळगूळ ठेवायची आणि म्हणायची, "तिळगूळ घ्या, गोड बोला." मी पुढे पुढे धावून बैठकीवरची नावं वाचत होते. काही वाचता येत होती, काही नव्हती, जिथे नव्हती तिथे मी ठोकून देत होते. एका योगिनीचे सुळे हनुवटीपर्यंत आलेले, डोळे बाहेर, गळ्यात कवट्या. तिला मावशीने तितक्याच शांतपणे सांगितलं, "गोड बोला." मागून कुणीतरी फुसकन हसलं आणि मग आम्ही सगळ्या पोट धरधरून हसलो. मोठ्या काकूसुद्धा. मला वाटतं ती योगिनीसुद्धा हसली असती, वरचा ओठ शाबूत असता तर.

त्या सकाळचं मी काय सांगू! उन्हाचा गोल तुकडा अंगणात, आणि गोल पडवीत एकेकीच्या मांडीवर रंग उमटत चाललेला: हिरवा, जांभळा, चिंतामणी, लाल. ज्या देवळाचं मी पेन्सिलने करडं चित्र काढत आले होते ते माझ्या डोळ्यांदेखत सवाष्ण होत होतं. माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

मग आई म्हणाली, "गठ्ठा संपत आला."

आणि पडवी संपली नव्हती. चांगली लांबवर उरली होती. आम्ही सगळ्या थांबून बघत राहिलो. चौसष्ट म्हणून चौसष्ट आणले होते. वर्षानुवर्षं आम्ही तिथे जेवलो, नाचलो, मी तर तासन्‌तास चित्रं काढली, पण नावातच आकडा असताना मोजायची बुद्धी कुणाला झाली नव्हती. मी आता धावत जाऊन मोजल्या तर ऐंशीच्या वर भरल्या. कुणी म्हणाली, राजाने नंतर वाढवल्या असतील. कुणी म्हणाली, पाहुण्या असतील.

मोठ्या काकूंनी निकाल दिला. "नवस चौसष्टचा होता. चौसष्ट झाल्या. नवस फिटला. या बाकीच्या हिशेबाबाहेरच्या. चलो, जेवायची पानं घ्या आता."

मावशी हलली नाही. तिने उरलेल्या पडवीकडे बोट केलं.

"मोजणारा चौसष्टवर थांबला काकू, तर पुढचीने काय करायचं? माझापण हिशेबाबाहेरच आहे ना. मेलेल्यांत नाही, जिवंतांत नाही. मी एकीलाही सोडून नाही जाणार."

मग आईने आपलं वाण काढलं. तिने रुमाल आणले होते, वाटायला. तिने ते सगळेच मावशीच्या हातात दिले. दुसरीने टॉवेलचे छोटे तुकडे. तिसरीने नातीसाठी घेतलेला झबल्याचा कपडा. एकीने आपल्या नव्या पातळाला जोडून आलेला खण फाडून दिला, शिवलेला नव्हता अजून. पुन्हा धांदल, पुन्हा गलका. तांदूळ संपले तेव्हा नुसते तीळ घातले, सुपाऱ्या संपल्या तेव्हा कुणाच्या तरी पिशवीतले हरभऱ्याचे घाटे. कोण काय घालतंय त्याला धरबंध राहिला नाही, आणि मोठ्या काकू, ज्यांनी ओटीत पाच हळकुंडांऐवजी चार टाकलेलं कधी खपवून घेतलं नव्हतं, त्या स्वतः घाटे सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, हे शास्त्रात आहे का?" त्या म्हणाल्या, "तुझ्या बापाला विचार."

अशा करत करत शेवटच्या खांबापाशी पोचलो. मावशीच्या हातात तो लाल खण होता, दुकानदाराने वरती घातलेला. तिने तो का ठेवून दिला होता, माहीत नाही.

शेवटच्या कोनाड्यात बाई नव्हतीच. बैठक होती. बैठकीवरून खाली सोडलेलं एक पाऊल होतं, घोट्यापर्यंत, त्यात वाळा. बाकी वर काही नाही. मांडी नाही, धड नाही, नुसती मागची भिंत.

मोठ्या काकू हलक्या आवाजात म्हणाल्या, "हिला राहू दे गं. ही आता भंगलेलीसुद्धा नाही राहिली. हिची ओटी कशात भरशील?"

मावशीने पदर डोक्यावरून घेतला. जिथे मांडी असायला हवी होती तिथे, बैठकीच्या रिकाम्या दगडावर, तिने खण पसरला. तांदूळ उरले नव्हते. तिने कनवटीची सुपारी ठेवली, तिळगूळ ठेवला. गोड बोला म्हणाली नाही. त्या एका पावलावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही म्हणता भंगलेली चालत नाही. मला चालते काकू. हात नसलेला, पाय नसलेला, कसाही. मी नाही सोडणार नर्मदेत. तेवढा तो घरी येऊ द्या."

मग ती रडली. तार आल्यापासून पहिल्यांदा. आणि मोठ्या काकूंनी, ज्या भंगलेल्या मूर्तीला शिवायच्या नाहीत, त्या पावलाला हात लावून तो हात डोळ्यांना लावला.

चौकीदार आला तेव्हा आम्ही दाणा न दाणा उचलला होता. त्याला आम्ही तिळगूळ दिला. त्याने सगळ्या पडवीवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "अच्छा है. आज इनके यहाँ भी मेहमान आए."

फाल्गुनात कळलं. दादा जखमी होऊन सरहद्दीपलीकडच्या इस्पितळात पडला होता. जखमी कैद्यांची अदलाबदल झाली त्यात तो आला होता, आता पुण्याच्या लष्करी इस्पितळात होता. जिवंत. डावा पाय गुडघ्यापासून कापावा लागला होता. काका त्या दिवशी कारखान्यातून मधेच घरी आले, आणि मधल्या भिंतीवर त्यांनीच भांडं आपटलं, इतक्या जोरात की आमच्याकडची खुंटी पडली. आईने चहाऐवजी शिरा केला.

गल्लीत मात्र जिभा सुटल्या. ‘तिनेच मागितलं, कसाही चालेल म्हणून. देवी शब्दाला जागल्या.’ एका बाईला मी चौकात धरून जे काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही; आईने मला दंडाला धरून घरी आणलं. पण ते बोलणं मावशीपर्यंत पोचलंच होतं. एका संध्याकाळी निवडायला घेतलेली मेथी तशीच हातात धरून ती मला म्हणाली, "तू शिकलेली आहेस. मी घाबरून कमी मागितलं का गं? साबूत दे म्हणायला पाहिजे होतं का?"

मला त्या क्षणी राग आला. देवीचा, लढाईचा, सगळ्या गल्लीचा. मी म्हटलं, पाय गेला तो तू नवस बोलायच्या आधी गेला होता मावशी, तारखा बघ. ती हो म्हणाली, पण तिला ते पटलं नाही हे मला दिसत होतं.

दादा आला तो वैशाखातल्या भर उन्हात. टांगा दाराशी थांबला तशी गल्ली गोळा झाली, पण कुणी पुढे होईना. लांबून येणाऱ्याच्या पायावर पाणी घालायचं असतं, तुकडा ओवाळून टाकायचा असतो. मावशी उंबऱ्यात आली, एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात तांब्या. दादा कुबड्यांवर उभा. तो मला बघून म्हणाला, "काय पुराणवस्तू, आता मीपण तुझ्या कामाचा झालो." मावशीने तुकडा ओवाळून दोन्ही बाजूंना टाकला. मग वाकून उजव्या पायावर पाणी घातलं, सावकाश, धुळीचा चिखल होईपर्यंत.

आणि मग ती थोडी सरकली, आणि दुमडून पिन लावलेल्या पँटच्या खाली, जिथे काही नव्हतं तिथे, तेवढंच पाणी जमिनीवर घातलं.

"ये," ती म्हणाली. "घरात ये."